पंधरा ग्रॅमचा प्रवासी

एक रुपयाची चार-पाच नाणी तळहातावर घ्या बरं. किती हलकी लागतात! साधारण पंधरा ग्रॅम. थिरथिरा नावाच्या पक्ष्याचं वजन जवळपास एवढंच असतं. आणि एवढासा जीव हिमालयाच्या उंच उतारांवरून, कधी त्याच्याही पलीकडून, तिबेट आणि मध्य आशियातून निघतो आणि थंडीच्या तोंडावर आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचतो.

माझ्या परसातही तो येतो. मी लेखक आहे. सकाळचा चहा झाला की टेबलाशी बसायचं आणि जेवायची हाक येईपर्यंत लिहायचं, हा माझा रोजचा क्रम. टेबल मुद्दामच परसाकडच्या खिडकीला लावलंय. शब्द अडला की नजर आपोआप बाहेर जाते. बाहेर शेवगा आहे, पेरू आहे, धुण्याचा दगड आहे आणि कुंपणाच्या भिंतीलगत उरलेल्या विटांचा ढीग आहे. बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंक्या ही मंडळी इथे बारा महिने असतात. पण ऑक्टोबर उजाडला, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की माझं लक्ष त्या विटांकडे लागतं.

कारण थिरथिऱ्याला झाडाच्या शेंड्यापेक्षा अशी बुटकी जागा आवडते. नर राखट काळा, पोट आणि शेपूट मात्र विटकरी केशरी. मादी मातकट, पण शेपटीला तोच केशरी रंग. विटेवर बसला की तो गुडघ्यात वाकल्यासारखा चटकन खाली-वर होतो आणि लगेच त्याची शेपटी थरथरू लागते. थांबते, पुन्हा थरथरते. मान जराशी तिरकी होते. मग एकदम जमिनीवर झेप, चोचीत एखादा किडा, आणि परत विटेवर! हे बघताना माझं वाक्य अर्धंच राहतं, आणि राहू दे असंच मला वाटतं.

तिकडे थंडी वाजते म्हणून तो इकडे येतो का? पिसांच्या आत त्याला चांगली ऊब असते. अडचण पोटाची असते. तो राहतो तिथल्या उघड्या डोंगरउतारांवर हिवाळ्यात बर्फ पडतं आणि किडे मिळेनासे होतात. गंमत म्हणजे बर्फ पडेपर्यंत तो थांबत नाही. दिवस लहान होऊ लागले की असे पक्षी खा खा खातात आणि कातडीखाली चरबी साठवतात. हेच त्यांचं प्रवासातलं इंधन. काही छोट्या पक्ष्यांचं वजन तर निघेपर्यंत जवळजवळ दुप्पट होतं.

आणि यांच्यातले बहुतेक जण उडतात रात्री. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते, आणि दिवस खायला मोकळा मिळतो.

पण अंधारात वाट कशी सापडते? याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिल्यांदा निघतं, तेव्हा कित्येक जातींत आईवडीलही बरोबर नसतात!

अमेरिकेतल्या स्टीफन एमलेन या शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. १९६०च्या दशकात त्यांनी इंडिगो बंटिंग नावाचे छोटे पक्षी तारांगणात नेले. पिंजरा अगदी साधा होता : तळाशी शाईची गादी, भोवती टीपकागदाचं नरसाळं, वर जाळी. प्रवासाच्या दिवसांत हे पक्षी रात्री अस्वस्थ होतात, ज्या दिशेला जायचं तिकडे उड्या मारतात आणि घसरून खाली येतात. त्यामुळे शाईचे पाय कागदावर उमटत गेले. सकाळी कागद उघडला की पक्ष्याला कुठे जायचं होतं ते समोर दिसे! तारांगणातलं आकाश उलटं फिरवलं, तर पक्ष्यांची दिशाही उलटी झाली.

पुढचा प्रयोग तर मला फारच आवडतो. एमलेन यांनी काही पिल्लं हातांनी वाढवली. काहींना तारे दाखवलेच नाहीत. त्यांना शरद ऋतूत दिशाच ठरवता येईना. काहींना नेहमीचं आकाश दाखवलं, ते ध्रुवताऱ्याभोवती फिरतं तसं. ती बरोबर दक्षिणेकडे वळली. आणि काहींना खोटं आकाश दाखवलं, मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबूस ताऱ्याभोवती फिरणारं. ती पिल्लं काक्षीलाच ध्रुव समजली आणि त्याच्याकडे पाठ करून निघाली! म्हणजे हा नकाशा ती जन्मतः पाठ करून आलेली नव्हती. कोणता तारा जागचा हलत नाही, हे ती बघून बघून शिकली होती. तुमच्याहून कितीतरी लहान जीव, आणि आकाशाचा एवढा अभ्यास!

ढग आले तर? त्यावरही सोय आहे. पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबकच, आणि युरोपातल्या रॉबिन पक्ष्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की तारे दिसत नसले तरी या चुंबकत्वावरून ते दिशा ओळखतात.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा. पक्ष्यांच्या पायांत नंबर कोरलेली हलकी कडी अडकवून त्यांचा प्रवास शोधायचं मोठं काम सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्या देशात केलं. अशा कड्यांमुळेच कळलं की कित्येक पाहुणे हजारो किलोमीटर उडून दर हिवाळ्यात नेमके त्याच जागी परततात.

तेव्हा शाळेची कंपाउंडची भिंत, सोसायटीचं आवार, बांधकामाजवळचे दगड, सगळीकडे नजर ठेवा. थरथरणारी केशरी शेपटी दिसली की वहीत तारीख, वेळ आणि जागा लिहा. तो नर होता की मादी, तेही लिहा. मार्च-एप्रिलमध्ये तो परत निघतो. त्या दिवसांत रोज बघा आणि तो शेवटचा कधी दिसला ती तारीखही टिपून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात ही वही काढायची आहे.