तेलाचा दाब आणि धोक्याची घंटा

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी म्हटली की वितळलेल्या लोखंडाचा लाल ओघ डोळ्यांसमोर येतो. परंतु हा ओघ ज्यावर अवलंबून असतो तो वारा भट्टीपासून अलग, वीज व झोत केंद्रात तयार होतो. वाफेच्या टर्बाइनवर चालणारे टर्बोब्लोअर तेथून अहोरात्र हवा दाबून भट्टीकडे पाठवीत असतात. या अवजड यंत्राचे प्राण केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरात असतात.

मिनिटाला हजारो फेरे घेणारा आस धारव्यावर, म्हणजे बेअरिंगवर, टेकलेला दिसतो. वस्तुतः तो तेलावर तरंगत असतो. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँप टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या वंगणाचे प्रयोग करीत होते. धारव्याला वरून पाडलेल्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. छिद्रात ठोकलेली लाकडी खुंटीही तेलाने बाहेर ढकलून दिली! फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे ओढून घेतो व त्यातूनच भार पेलणारा दाब निर्माण होतो, याची गणिती उपपत्ती ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये मांडली. मात्र धारव्याला ताज्या, थंड तेलाचा पुरवठा सतत व्हावा लागतो. तो थांबला की धातूवर धातू घासतो. धारव्याच्या आतील कथिलयुक्त मऊ मिश्रधातू 240 अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो. तिथवर पोहोचण्यास फार वेळ लागत नाही.

म्हणूनच राखणीची योजना पायरीपायरीने केलेली असते. दाब ठरावीक मर्यादेखाली आला की घंटा वाजते व राखीव पंप आपोआप सुरू होतो. तरीही दाब घसरतच राहिला तर यंत्र स्वतःहून बंद पडते. वीजपुरवठाच गेला तर बॅटरीवर चालणारा पंप उरतो. होडीच्या मागे बसविलेल्या लहानशा टू-स्ट्रोक इंजिनातही हेच तत्त्व आढळते: टाकीतील तेल उतरले की भोंगा वाजतो. परंतु नावाड्याला इंजिन बंद करून वल्ही हाती घेता येतात. झोतभट्टीचा वारा अकस्मात तुटला तर भट्टीतील ज्वलनशील वायू उलट दिशेने हवेच्या नळात शिरून स्फोट होऊ शकतो, आणि वितळलेली मळी हवेच्या तोट्यांत चढून गोठते. घंटा आणि यंत्रबंदी यांच्यामधला अवधी म्हणूनच मोलाचा असतो.

त्या अवधीत काय पाहावे? प्रथम यंत्राजवळील दाबमापी आणि नियंत्रणकक्षातील आकडा ताडून पाहावा. दोन्ही उतरलेले असतील तर दोष खराच आहे. राखीव पंप सुरू झाला नसेल तर तो हाताने सुरू करावा. यंत्राजवळचा काटा जागेवर असेल तर दाबाचा स्विच, त्याची बारीक नळी किंवा तार यांवर संशय घ्यावा, पण घंटा मात्र तोडू नये. नंतर टाकीतील पातळी पाहावी. ती उतरत असेल तर तेल बाहेर गळत आहे, आणि वाफेच्या तप्त नळावर सांडलेले तेल पेट घेते. किंवा ते शीतकाच्या फुटक्या नळीतून पाण्यात जात आहे, व तसे असल्यास पाण्यावर तवंग दिसतो. पातळी स्थिर असेल तर गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक पाहावा. तो वाढला असेल तर गाळणी तुंबली आहे. प्रवाह जोडगाळणीकडे वळवावा. गाळणीही निर्दोष असल्यास तेल तापून पातळ झाले आहे काय, किंवा जादा दाब सोडणारी झडप उघडी अडकून तेल परत टाकीतच जात आहे काय, हे पाहावे लागते.

फसवा प्रकार याच्या उलट असतो. दाब नेहमीपेक्षा किंचित चढलेला, घंटा मूक, आणि एकाच धारव्याचे तापमान हळूहळू वाढत आहे. येथे दाबमापीच्या पुढे, धारव्याच्या तोंडाशी, कचरा अडकलेला असू शकतो. वर गेलेला काटा पाहून समाधान मानणारा कामगार येथे हमखास चकतो. दर तासाला तापमानाची नोंद करण्याचे कंटाळवाणे काम कशासाठी, याचे उत्तर अशा वेळी मिळते.

एका ठिकाणी घसरलेला दाब दुसरीकडेच घात करू शकतो, याचा दारुण अनुभव भिलाईने घेतला आहे. 12 जून 2014 रोजी पंपगृहातील पाण्याचा दाब घटल्यानंतर झोतभट्टीचा विषारी वायू तेथे शिरला व सहा जणांचा मृत्यू झाला. तेथे प्रश्न पाण्याचा होता, तेलाचा नव्हे. पण वारंवार वाजणारी घंटा 'नेहमीचीच' म्हणून बंद करून ठेवण्याची सवय किती घातक आहे, हे समजण्यासाठी हा फरक गौण आहे.

अखेर ब्लोअर थांबवावाच लागला, तर भट्टीला आधी सूचना देऊन तिचा वारा क्रमाने उतरवितात. आस थांबल्यावरही तेलाचा पंप चालूच ठेवावा लागतो, कारण टर्बाइनची उष्णता आसावाटे धारव्यात उतरत राहते. शिवाय तप्त आस एकाच जागी पडून राहिल्यास वाकतो. म्हणून यंत्र थंड होईपर्यंत तो कित्येक तास संथपणे फिरविला जातो.