दस्त्याचे माप

शिकारकथांमध्ये बंदुकीला एकच टोक असते, पुढचे. मागच्या टोकाची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याची, कोणी विचारपूस करीत नाही. मीही केली नसती. पण वडिलांच्या पश्चात रीतसर परवाना होऊन त्यांची १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन बंदूक माझ्या नावे झाली आणि पहिल्याच चांदमारीत माझा खांदा काळानिळा पडला. आयुष्यभर मुलांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवला. तो अंगावर मात्र त्या दिवशी आला.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातले, कोका अभयारण्याच्या बाजूचे. धान लोंबीवर आले की रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात. खातात थोडे, लोळून आडवे करतात जास्त. वडील धुऱ्यावरच्या मचाणावर जागल करीत. बहुतेक रात्री डबा वाजवून आणि टॉर्च मारूनच भागे. १९५९च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. पीक नासणाऱ्या रानडुकराला मारण्याची मुभा महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दिली, तीही वनखात्याच्या परवानगीने.

अशी परवानगी हातात असताना एका कार्तिकात मी चाप ओढला. खरे सांगायचे तर चाप ओढण्याआधीच मी डोळे मिटले होते. धक्का येणार हे खांद्याला ठाऊक होते. त्याने अंग चोरले, नळी हलली. छर्रे जनावराच्या मागच्या पायाला लागले आणि ते जखमी होऊन उभ्या धानात शिरले. सकाळी त्याच बांधीत बाया कापणीला येणार होत्या. आम्ही काम थांबवले, वनखात्याला कळवले. दुपारी जनावर सापडले आणि त्याचे हाल संपले. बांधावर बसून राहिलेली एक म्हातारी मजुरीण मला म्हणाली, “गुरुजी, बंदूक तुमची अन् जीव आमचा!” त्या वाक्यानंतर मी दस्त्याचा अभ्यास सुरू केला.

आधी धक्क्याचा हिशेब पाहू. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल अशी नळी. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. काडतुसातून साधारण ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतात. बंदूक ३.२ किलोची धरली, तर ती सेकंदाला ३.७ मीटर वेगाने मागे येते. ऊर्जा होते सुमारे २२ ज्यूल. म्हणजे तीच बंदूक ७० सेंटिमीटर उंचीवरून दस्त्याच्या बाजूने खांद्यावर पडावी तसे. हा झाला फक्त छर्ऱ्यांचा हिशेब. जळालेल्या दारूचा वायू आणि काडतुसातली गुडदी यांची भर वेगळी. काही स्वयंचलित बंदुकांत यंत्रणा चालण्यात या धक्क्याची धार थोडी बोथट होते. पंप-अ‍ॅक्शनमध्ये पुढची मूठ मागे ओढून आपणच नवे काडतूस चढवतो, त्यामुळे सारा धक्का सरळ दस्त्यातून खांद्याकडे.

त्यावर उपाय तीन. पहिला वजनाचा. हीच बंदूक चार किलोची केली, तर २२ ज्यूलचे साडेसतरा होतात. पण रात्रभर मचाणावर ते वजन पेलायचे कोणी?

दुसरा वेळेचा. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडूचा संवेग तितकाच राहतो, पण तो थांबायला वेळ जास्त लागल्याने हाताला लागत नाही. दस्त्याच्या टोकाचे जाड, मऊ रबर हेच करते, शिवाय मार जास्त जागेवर पसरवते. स्प्रिंगचा दस्ताही याच तत्त्वावर चालतो. बार उडाला की तो आतल्या आत दबतो आणि धक्का लांबवतो. मला तोच घ्यायचा होता. मात्र त्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दस्ता सरकताना गाल टेकण्याचा भागही सरकत असेल, तर खांदा वाचतो आणि गाल सोलतो. शिवाय आमच्या धानपट्ट्यातल्या चिखलात आणि दमट हवेत हलणारा प्रत्येक भाग म्हणजे साफसफाईचे एक काम.

तिसरा उपाय मापाचा. तो मला नागपुरातल्या एका वयस्कर परवानाधारक कारागिराने दाखवला. त्याने बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, दस्त्याचे टोक माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवले आणि म्हणाला, “आता चापाला बोट लावा.” बोट पोहोचेना. वडील जवळजवळ सहा फूट, मी पाच फूट चार इंच. त्यांचा साडेचौदा इंचांचा दस्ता माझ्या खांद्याच्या खळगीत न बसता दंडाच्या हाडावर टेकत होता. गालही लाकडावर नीट टेकत नव्हता, म्हणून बार उडाला की दस्ता गालावर आदळे. त्यावर मी इंचभर रबर चढवले असते, तर लांबी साडेपंधरा झाली असती आणि मार आणखी चुकीच्या जागी बसला असता. “साहेब, आधी बंदूक अंगात बसवा, मग स्प्रिंगचं पाहू,” तो म्हणाला.

दस्ता दोन इंच कापून एक इंच रबर लावले की साडेतेरा इंचांवर काम झाले असते. पण वडिलांचा गाल टेकून टेकून त्या लाकडावर एक गुळगुळीत जागा झाली आहे. मला करवत चालवू देववेना. पंप-अ‍ॅक्शनचा दस्ता बहुधा एका लांब बोल्टवर बसतो, त्यामुळे तो काढून दुसरा बसवता येतो. कारागिराने अक्रोडाचा नवा दस्ता माझ्या मापाने घडवला, गालाची बाजू थोडी उंच ठेवली आणि टोकाला रबर लावले. वडिलांचा दस्ता धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

पुढच्या चांदमारीत हलक्या काडतुसांपासून सुरुवात करून मी दहा बार काढले. धक्का होताच, पण तो हाडावर नव्हता, खळगीत होता. चौथ्या बारापासून डोळे उघडे राहिले.

म्हणून कोणी विचारले, तर मी क्रम असा सांगतो: आधी लांबी, मग गालाची उंची, मग रबर, मग हलके काडतूस, एवढे करूनही खांदा तक्रार करीत असेल, तरच स्प्रिंग. आणि हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. नळीला तर हातच लावू नये, परवान्याविना ती आखूड करणे हा गुन्हा आहे.

यंदा धान पुन्हा लोंबीवर आहे. मचाणावर डबा आहे, टॉर्च आहे, बंदूकही आहे. कापणीची बोलणी करायला आलेल्या त्याच म्हातारीने विचारले, “गुरुजी, आता डोळे उघडे ठेवता ना?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मंग येतो आम्ही.”