चित्र काढणे आणि उपचार

रंगवण्याने मन हलके होते, हा अनुभव अनेकांना असतो. पण तेवढ्याने कला-उपचार होत नाही. १९३८ मध्ये क्षयरोगाने आजारी असलेले ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांना आरोग्यधामात चित्रे काढून उभारी मिळाली. मग ते इतर रुग्णांनाही शिकवू लागले. १९४२ मध्ये त्यांनी या पद्धतीला ‘आर्ट थेरपी’ म्हटले.

इथे चित्राला गुण देत नाहीत. शब्दांत न मांडता येणारे दुःख किंवा भीती कागदावर उतरते आणि उपचारक त्यावर रुग्णाशी बोलतो. काळा रंग म्हणजे नैराश्य, असा ठोकताळा तो लावत नाही. अर्थ रुग्णच सांगतो.

२०१६ मध्ये संशोधक गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलाकृती करायला दिली. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा अंतिम पुरावा नव्हे.

 पुण्यातील ‘वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन’ कलाधारित उपचाराचे प्रशिक्षण देते. या क्षेत्रात यायचे तर चांगला हात पुरेसा नाही. मानसशास्त्र आणि अनुभवी मार्गदर्शकाखालचा सराव हवाच.

उपचार घेणाऱ्यांनीही आधी उपचारकाचे प्रशिक्षण विचारावे आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत. तातडीच्या मानसिक मदतीसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.