क्षयरोग सगळ्यांना सारखा गाठत नाही

क्षयरोगाचा जंतू जात पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे वाक्य आरोग्याच्या बहुतेक भाषणांत येते. रुग्णाला कोणी वाळीत टाकू नये हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण वस्तुस्थिती म्हणून ते अर्धेच खरे आहे. जंतू हवेतून पसरतो आणि तो कोणाच्याही छातीत शिरू शकतो, एवढा भाग बरोबर. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग आढळला. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. संसर्ग झालेल्या दर शंभरांतले साधारण पाच ते दहा जण कधी ना कधी आजारी पडतात. ते पाच कोण आणि दहा कुठे, हे जंतू ठरवत नाही. ताटात काय पडते, घरात चुलीचा धूर किती साठतो, एका खोलीत किती माणसे झोपतात, दवाखाना किती लांब आहे आणि एक दिवस तिकडे गेले तर मजुरी बुडते की नाही, यावर ते ठरते. म्हणून रोग सर्वांना होऊ शकतो हे खरे असले, तरी तो सर्वांना सारखाच होतो हे खरे नाही.

साक्री तालुक्याचे उदाहरण घेऊ. धुळे-सुरत महामार्गावरचे साक्री शहर आणि पूर्वेकडची कोरडवाहू गावे हा तालुक्याचा एक भाग. पिंपळनेर, दहिवेल, कुडाशीकडे सरकत गेले की डोंगर, पाडे आणि कोकणा, भिल्ल, मावची वस्त्या लागतात, आणि मग कोंडाईबारीचा घाट उतरून रस्ता नवापूर-सुरतेकडे जातो. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यातली जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आदिवासी आहे, आणि साक्री विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुक्याचा क्षयरुग्णांचा आकडा एकच छापला जातो. त्या एका आकड्यात बाजारपेठेतला दुकानदार आणि दूरच्या पाड्यावरचा ऊसतोड मजूर एकत्र मोजले जातात. आदिवासी भागांतल्या क्षयरोगाच्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोगाचे प्रमाण लाखामागे ७०३ निघाले. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत ते प्रौढांमध्ये लाखामागे ३१६ होते. दोन्हींची पद्धत आणि काळ वेगळे असल्याने त्यांची काटेकोर तुलना करू नये, पण फरकाची दिशा स्पष्ट आहे. ‘आदिवासी’ ही सरसकट चिठ्ठी चिकटवूनही भागत नाही. मध्य प्रदेशातल्या आदिवासींच्या पाहणीत प्रमाण लाखामागे ३८७ होते, तर त्याच राज्यातल्या सहारिया जमातीत ते १,५१८ आढळले. राज्याच्या सरासरीत आदिवासी झाकले जातात आणि आदिवासींच्या सरासरीत सहारिया.

दुसरा गैरसमज कार्यालयांतून ऐकू येतो. अमुक भागात रुग्णांची नोंद कमी, म्हणजे तिथे रोग कमी. नोंद ही तपासणीची असते. ज्या पाड्यावरून थुंकीचा नमुना आलाच नाही, तिथला रुग्ण कागदावर येणार कसा? राष्ट्रीय पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कोणत्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते. शिवाय सापडलेल्या दर शंभर रुग्णांतले सुमारे ४३ केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. त्यांना विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती. घरोघरी जाऊन ‘खोकला आहे का?’ एवढेच विचारले असते, तर ते सगळे सुटले असते. ‘टीबीमुक्त पंचायत’ ठरवतानाही वर्षात दर हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी अशी अट आहे, ती याच कारणासाठी. आपल्या गावाचा फलक पाहताना रुग्ण किती हे विचारण्याआधी तपासले किती हे विचारावे.

लोक का जात नाहीत, याचे तयार उत्तर असते: अडाणीपणा, निष्काळजीपणा, भगताकडे ओढा. हे उत्तर साठ वर्षांपूर्वीच तपासून पाहिले गेले आहे. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागातल्या खेड्यांत केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांतल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती आणि जवळपास निम्मे आपणहून सरकारी दवाखान्यात गेलेही होते. तिथून ते खोकल्याचे औषध घेऊन परतले होते. माणूस दारापर्यंत आला आणि व्यवस्थेने त्याला ओळखले नाही. आजही खोकला अंगावर काढणारा मजूर बेफिकीर असतो असे नव्हे. हेलपाट्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब त्याने आपल्या परीने मांडलेला असतो.

असाच हिशेब पूर्ण समाजासाठी मांडणे म्हणजे साथरोगांचे गणिती प्रारूप, ज्याला सर्रास मॉडेल म्हणतात. हे भविष्य सांगण्याचे यंत्र आहे, असा समज कोविडच्या काळात पक्का झाला आणि काही भाकिते चुकल्यावर सगळे मोडीत काढण्याकडे कल गेला. प्रत्यक्षात प्रारूप ‘असे केले तर काय होईल, न केले तर काय होईल’ याची तुलना करते. लोकसंख्येचे कप्पे पाडायचे: निरोगी, संसर्ग असलेले, आजारी, उपचारावर असलेले, बरे झालेले. एका कप्प्यातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात ते लिहायचे आणि वर्षे पुढे सरकवायची. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. हान्स वालर, अँटोन गेसर आणि अँडरसन यांनी क्षयरोगाचे असे प्रारूप १९६२ मध्ये मांडले. तुमकूरच्या अभ्यासातले अँडरसन ते हेच. १९५९ मध्ये सुरू झालेल्या बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत ते जागतिक आरोग्य संघटनेतर्फे काम करत होते. मर्यादित पैशांत ग्रामीण भारताने क्षयाविरुद्ध काय करावे, या अगदी व्यवहारी प्रश्नाशी हे काम जोडलेले होते.

विषमता कशी वाढत जाते, हे या गणितातून फार स्वच्छ दिसते, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू. पुढचे आकडे साक्रीच्या नोंदींतले नाहीत. गणिताची चाल कळावी म्हणून घेतले आहेत. उपचार न घेणारा, थुंकीत जंतू असलेला एक रुग्ण वर्षाला दहा-पंधरा जणांना संसर्ग देतो, असा जुना ठोकताळा आहे. आपण बारा धरू, म्हणजे महिन्याला एक. शहरातल्या रुग्णाचे निदान दोन महिन्यांत झाले, तर त्याने दोघांना संसर्ग दिला. ते दोघे पोटभर खाणारे, म्हणून त्यांच्यातले आजारी पडण्याचे प्रमाण ५ टक्के धरू. एका रुग्णामागे नवे रुग्ण झाले ०.१. आता पाड्यावरचा रुग्ण. निदानाला आठ महिने लागले, म्हणून संसर्ग आठ जणांना. ते कुपोषित, म्हणून आजारी पडण्याचे प्रमाण १५ टक्के. एका रुग्णामागे नवे रुग्ण १.२. उशीर चौपट आणि कुपोषणाचा धोका तिप्पट, पण परिणाम सातपट नाही, बारापट. अडचणींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ०.१ म्हणजे रोग पिढीगणिक आटत जाणार. १.२ म्हणजे प्रत्येक रुग्ण आपली जागा भरून वर थोडे शिल्लक ठेवणार, रोग तिथेच मुरणार. जंतू तोच आणि औषधही तेच, तरी एकीकडे रोग मावळतो आणि दुसरीकडे ठाण मांडतो. आता उपायही याच गणितात घालून पाहा. निदान आठऐवजी चार महिन्यांत झाले तर १.२ चे ०.६ होतात. निदान तसेच ठेवून केवळ आहार सुधारला आणि १५ टक्क्यांचे १० झाले तर ०.८. दोन्ही केले तर ०.४. मोबाइल एक्स-रे आधी की धान्य आधी, हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. गुणाकारातली कोणतीही संख्या कमी केली की फळ कमी होते, दोन्ही केल्या की झपाट्याने होते.

औषध फुकट आहे, मग आणखी काय हवे, असे म्हणणाऱ्यांनी झारखंडमधल्या ‘रेशन्स’ चाचणीकडे पाहावे. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अभ्यासात २,८०० रुग्णांच्या घरांतले दहा हजारांहून अधिक जण होते. रुग्णांना दोन्ही गटांत शिधा मिळाला. एका गटात घरातल्या इतरांनाही रोजच्या सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने मिळतील इतका शिधा दिला गेला. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळेत जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे सुमारे निम्म्याने. हे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकांत आले. चाचणी एका राज्यातली; देशभर तसे केले तर काय, हे प्रारूपाने विचारले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार उपचारावरच्या निम्म्या प्रौढ रुग्णांच्या घरांपर्यंत आहार पोचला, तर २०३५ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक मृत्यू टळतील. हा आकडा मोठा आहे, पण क्षयाच्या एकूण मृत्यूंच्या तो पाच टक्क्यांच्या आतच आहे, हेही त्याच प्रारूपाने सांगितले. आहाराने सगळे होईल अशी आशा बाळगणाऱ्यांना त्याने सावध केले, आणि मला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे चांगलेच. पण ते रुग्णाच्या नावावर येतात. घरच्यांच्या शिध्यासाठी निक्षय मित्रांवर, म्हणजे देणगीदारांवर, भिस्त आहे. ज्या पाड्याला देणगीदार माहीत नाही, तिथे शिधा कसा पोचणार?

आक्षेप येतो की आत भरलेले आकडेच अंदाजाचे असतील, तर बाहेर येणारे उत्तर काय कामाचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चांगले प्रारूप एका आकड्यावर चालवत नाहीत. वरच्या उदाहरणात बाराऐवजी आठ किंवा पंधरा संसर्ग धरून पाहा. उत्तरे बदलतील, पण पाडा आणि शहर यांतले बारापटीचे अंतर तसेच राहील. जो निष्कर्ष आकडे हलवूनही टिकतो, त्यावर धोरण उभे करता येते. जो टिकत नाही, तो कोणती माहिती आधी गोळा करायला हवी ते दाखवतो. शिवाय प्रारूप न वापरणारा अधिकारीही मनातल्या मनात अंदाज बांधतच असतो. तो अंदाज कोणाला तपासता येत नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाड्यांवर जास्त यंत्रे, जास्त माणसे, जास्त पैसा वळवला तर बाकीच्यांवर अन्याय होईल, आणि त्या वस्तीवर ‘टीबीवाले’ असा शिक्का बसेल. पहिल्या भागाचे उत्तर गणितच देते. १.२ असलेल्या ठिकाणी एक रुग्ण लवकर सापडला तर पुढची साखळी तुटते; ०.१ असलेल्या ठिकाणी ती तशीही तुटणार होती. तीच यंत्रणा तालुकाभर समान वाटली तर न्याय दिसतो, पण एकूण रुग्ण कमी घटतात. जेसन अँड्रूज, संजय बसू आणि सहकाऱ्यांनी भारतासाठी केलेल्या २०१५ च्या प्रारूपाचा रोखही हाच होता: शोधमोहीम सर्वांत गरिबांपर्यंत पोचली नाही, तर सगळ्या समाजातला रोग घटवण्याची तिची ताकद लक्षणीय कमी होते. बाजार, बस आणि शाळा सगळ्यांच्या एकच असतात. शिक्क्याचा मुद्दा मात्र गणिताने सुटत नाही. नकाशावर रंगवलेली वस्ती ही माणसांची वस्ती आहे याचे भान ठेवून, नावे गुप्त राखून आणि तिथल्या आशाताईंना सोबत घेऊनच हे काम करावे लागेल. तसे जमत नसेल, तर नकाशा जाहीर करू नये.

आणि नकाशाला एक मोठी उणीव आहे: माणसे त्यावर स्थिर नसतात. खानदेशातून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच लिहिले आहे. मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब हंगामभर बारडोलीकडच्या फडावर, पालात राहते. औषधाचा कोर्स किमान सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास एक हंगाम. रुग्णाची ‘निक्षय’ या सरकारी संगणक प्रणालीतली नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करता येते. गोळ्या तिथे वेळेवर मिळतात का, हे तिथल्या आणि इथल्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावर ठरते. साक्रीसाठी प्रारूप करायचे तर ‘फडावर गेलेले’ हा कप्पा त्यात स्वतंत्र हवा, नाहीतर सगळा हिशेब मागे राहिलेल्यांचाच होईल.

२०२५ अखेर देश क्षयमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये १८७. घट जगाच्या वेगापेक्षा जास्त आहे, उद्दिष्टाच्या मानाने फार कमी. ती वाढवायची तर तालुका क्षयरोग पथकाने मोहिमेचे वेळापत्रक टोळ्यांच्या परतीशी जुळवावे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास फडावरून घरी आलेल्या प्रत्येक कुटुंबाची, लक्षणे असोत वा नसोत, छातीची तपासणी पाड्यावरच व्हावी, आणि ग्रामसभेने तिचा आकडा वस्तीवार मागून घ्यावा.