बस उभी, इंजिन चालू!

बस अर्धा तास एका जागी उभी आणि इंजिन मात्र जोरात गुरगुरतंय, असं दिसलं की आपण म्हणतो, "काका, फुकट डिझेल का जाळताय?" काका जाळत असतात ती काजळी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ आला. ही सिरॅमिकची जाळी. तिच्या नळ्यांची तोंडं एकाआड एक बुजवलेली, त्यामुळे धूर भिंतीतून पाझरतो नि काजळी आत अडकते. हायवेवर एक्झॉस्ट तापून ती आपोआप जळते. गावातल्या धर-सोड चालीत ते जमत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो.

बटण असलेल्या गाडीत न्यूट्रल, हँडब्रेक, मग बटण. इंजिनाचा वेग वाढतो, जादा डिझेल कॅटॅलिस्टवर जळतं, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. म्हणून खाली वाळलेलं गवत नको, आणि बंद शेडमध्ये तर मुळीच नको! घाईत मध्येच इंजिन बंद केलं तर काजळी तशीच राहते. काही इंजिनांत न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच.

ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख मात्र कितीही तापवा, जळत नाही. तिच्यासाठी फिल्टर उतरवावाच लागतो.