झोपाळ्यावरची माहेरवाशीण

पाडव्याची गुढी उतरून एक दिवस जातो न जातो तोच चैत्रगौर दारात उभी राहते. देवघरातली पितळेची अन्नपूर्णा चिंच लावून लख्ख घासायची, छोट्याशा झोपाळ्यात बसवायची, पुढं आरास मांडायची. आणि हे चाललेलं असताना गृहिणीच्या डोक्यात हिशेब सुरू असतो. बायका किती येतील, कैऱ्या किती लागतील, हरभरे भिजत घातले का, पन्ह्याला गूळ पुरेल ना! संध्याकाळी शेवटची बाई गुलाबपाणी शिंपडून घेऊन जिना उतरली, की आपली कंबर बोलू लागते. एवढ्या धामधुमीत ती मूर्ती झोपाळ्यावर का बसवली होती, हे आठवायला सवड कुणाला असते?

म्हणून यंदा डाळ वाटण्याआधी जरा तिच्यापाशी बसू या.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर येते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, परत जाते. हा महिना ती माहेरपणाला आलेली असते. राजस्थानात होळीच्या दुसऱ्या दिवसापासून चाललेली गणगौर याच चैत्र तृतीयेला संपते. तिथं त्या दिवशी गौर सासरी निघते आणि आपल्याकडे त्याच दिवशी माहेरी येते. गंमत आहे की नाही?

माहेरी आलेल्या लेकीला आपण काय करायला सांगतो? काहीच नाही. ‘बस जरा’, म्हणतो. झोपाळा त्यासाठी. बाहेर उन्हाचा कडाका, म्हणून गार पन्हं, कलिंगडाची फोड, मोगऱ्याचा गजरा. पूर्वी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हाताला चंदनाचा लेप लावून त्यावर शिंपल्यानं रेघा ओढत. ते काही नुसतं नटवणं नव्हतं. दिवसभर चुलीपुढं तापलेल्या हातांना मिळालेला तो गारवा होता.

आणि झोपाळ्यावर बसते ती कोण, तर अन्नपूर्णा. हातात पळी असलेली. शंकरासाठी पार्वतीनं तप केलं, तेव्हा झाडाचं गळलेलं पानही तिनं खाल्लं नाही, म्हणून तिला अपर्णा म्हणू लागले, असं कालिदासानं ‘कुमारसंभवा’त सांगितलं आहे. जिनं पानही तोंडात घातलं नाही, तीच पुढं काशीला जगाला वाढणारी अन्नपूर्णा झाली आणि साक्षात शंकर तिच्यापुढं भिक्षेला उभा राहिला, अशी कथा आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अन्नपूर्णास्तोत्रात तिच्याकडे भिक्षा मागितली आहे ती ज्ञानाची आणि वैराग्याची.

वैराग्य म्हटलं की आपल्याला भगवी वस्त्रं आठवतात. पण ‘तिनं मला गेल्या वर्षी काय दिलं होतं’ हा हिशेब न ठेवता ओटी भरणं, हेही वैराग्यच नाही का? आणि वाढणारीलाही कधीतरी कुणी वाढायचं असतं, एवढं कळणं म्हणजे ज्ञान. चैत्रगौरीचा अर्थ मला तरी यात सापडतो.

पण तो सापडायला बराच काळ जावा लागला. आमच्या घरी माझी आत्या राहायची. लग्नानंतर चारच वर्षांत ती परत आली होती. चैत्रांगण काढावं तर तिनंच. गौरीचा झोपाळा, सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्मं, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, आरसा... पहाटे आम्ही उठायच्या आत सारं अंगण भरलेलं असायचं. डाळही तिच्याच हातची. पण संध्याकाळी बायका येऊ लागल्या, की आत्या स्वयंपाकघरात. द्रोण भरून बाहेर पाठवायचे, रिकामी भांडी आत घ्यायची. झोपाळ्यावर पितळेची माहेरवाशीण आणि आत पाट्याशी हाडामांसाची माहेरवाशीण! त्यात काही विपरीत आहे, असं आम्हां कुणाला वाटलंही नाही.

आजी गेल्याच्या पुढच्या वर्षी आईनं दारातून हाक मारली, ‘‘वन्सं, बाहेर या.’’

‘‘अगं वहिनी, बायका काय म्हणतील?’’

‘‘म्हणू देत. गौर तुम्ही सजवलीत, रांगोळी तुमची, डाळ तुमची. या तुम्ही.’’

आत्या पदराला हात पुसत आली आणि अगदी कडेला बसली. दोघीजणी हातातलं पन्हं तसंच ठेवून उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. आईनं आत्याच्या हाताला चंदन लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले. कुंकवाचा करंडा पुढं केला, तेव्हा मात्र आत्यानं मान हलवली. आईनं आग्रह केला नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी आत्या मला म्हणाली, ‘‘कुंकवाचं मला काही नव्हतं गं. पण ती डाळ एकदा सगळ्यांबरोबर बाहेर बसून खायची होती.’’

उठून गेलेल्या दोघींपैकी एक पुढल्या वर्षी आली. दुसरी कधीच आली नाही. हे सोपं होतं, असं मी म्हणणार नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असंच करायला सुचवलं. ते वाचताना मला आत्याची पदराला हात पुसण्याची लकब आठवली. ठराव गावानं केला, तरी उंबऱ्याच्या आतला ठराव आपणच करायचा असतो, नाही का?

कुणी म्हणेल, हळदीकुंकू तर सवाष्णीचंच. पण जरा विचार करा. आपण गौरीला बोलावतो ते शंकराची बायको म्हणून की घरची लेक म्हणून? आणि लेकीचं माहेर नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर कधीपासून अवलंबून राहिलं? लग्नात गौरीहरापुढं बसून आपण जी अन्नपूर्णा पुजली, ती आईनं दिलेली. तीच सासरच्या देवघरात तांदळावर बसली आणि तीच दर चैत्रात झोपाळ्यावर येते. नवरा गेला म्हणून आईनं ती परत मागितल्याचं कुणी ऐकलंय?

तेव्हा यंदा आमंत्रणाची यादी करताना एक नाव जास्त लिहा. शेजारची, जिन्याखालची, किंवा आपल्याच घरातली. तिला कामाला नव्हे, बसायला बोलवा. कुंकू लावायचं की नाही, ते तिच्यावर सोडा. आणि एक करा. डाळीचा पहिला द्रोण गौरीपुढं ठेवल्यावर दुसरा स्वतः बसून खा. उभ्यानं, शेवटी उरलेला नको!

डाळीचं म्हणाल, तर वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळू द्यावं, नाहीतर डाळ पचपचीत होते. हिरव्या मिरच्या घालून भरडच वाटावी. किसलेली कैरी आंबटपणा पाहून अर्धी वाटी, ओलं खोबरं, मीठ, चिमूट-दोन चिमटी साखर, कोथिंबीर. हिंग-हळदीची फोडणी गार करून वरून घालावी. उन्हाळ्यात डाळ लवकर आंबते, म्हणून बायका पुष्कळ असतील तर दोनदा वाटावी.

ती दुसऱ्यांदा वाटायला मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उठवा. गौर माहेरी आली आहे. तुम्हीही घटकाभर झोपाळ्याशी टेका.