पाण्याचा जमाखर्च

नेदरलंड्स, म्हणजे ज्यास हॉलंड म्हणण्याचा प्रघात आहे त्या देशाची कथा बहुधा विजयाच्या भाषेंत सांगितली जाते. तेथील लोकांनीं सागरास मागें हटविलें, त्याच्या तळाशीं शेतें पिकविलीं आणि त्याच्या पाठीवरून जगभर व्यापार केला, असें वर्णन पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. तें खोटें नाहीं. पण ती केवळ जमेची बाजू होय. खर्चाची बाजू पाहावयाची असेल, तर अ‍ॅम्स्टरडॅमहून एका दिवसांत होणारा लहानसा प्रवास पुरेसा आहे. खाजगी मोटार ठरवून सकाळीं निघालेला प्रवासी गीटहोर्न हें कालव्यांचें गांव पाहतो, परततांना उर्क हें कोळ्यांचें गांव व लेलिस्टाड येथील जुन्या बांधणीचें जहाज पाहतो आणि संध्याकाळीं मुक्कामास परत येतो. या वाटेवर पाण्याच्या वहींतील दोन्ही बाजू शेजारीं शेजारीं मांडलेल्या आढळतात.

अ‍ॅम्स्टरडॅम मागें पडलें कीं मोटार ज्या सपाट शेतांमधून धांवूं लागते, तेथें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाणी होतें. झाउडरझी नांवाचा उथळ समुद्र देशाच्या पोटांत शिरलेला होता. १९१६ च्या जानेवारींत त्याचे बांध फुटून मोठा हाहाकार उडाला, आणि कॉर्नेलिस लेली या अभियंत्यानें पूर्वींच आंखलेली योजना १९१८ सालीं कायद्यानें मंजूर झाली. बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधाचें शेवटचें तोंड २८ मे १९३२ रोजीं बुजविण्यांत आलें. समुद्राचें सरोवर झालें; नद्यांच्या पाण्यानें तें लवकरच गोडेंही झालें. मग त्यांतील एकेक भाग बांधानें वेढावा, पंपांनीं पाणी उपसावें आणि उघडी पडलेली जमीन नांगराखालीं आणावी, असा क्रम चालला. अशा जमिनीस पोल्डर म्हणतात. १९४२, १९५७ आणि १९६८ या सालीं कोरड्या झालेल्या तीन पोल्डरांचा मिळून फ्लेव्होलंड हा प्रांत १९८६ सालीं स्थापन झाला. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,४०० चौरस किलोमीटर असून बहुतेक भाग समुद्रसपाटीच्या खालीं आहे.

ही झाली जमा. परंतु या जमिनीनें आपला जुना हिशेबही बाहेर काढला. पाणी ओसरल्यावर चिखलांतून बुडालेलीं जहाजें वर येऊं लागलीं. नाले खणतांना, शेत नांगरतांना लोखंड जुनाट लांकडावर आदळे आणि खालीं एखाद्या नौकेचा सांगाडा निघे. अशीं चारशेहून अधिक जहाजें आजवर सांपडलीं आहेत. उथळ पाण्यांत वादळाच्या लाटा आंखूड पण उभ्या उठतात; त्यांत माल वाहणारीं व मासेमारीचीं लहान गलबतें टिकाव धरीत नसत. हजारों एकरांच्या त्या हिरव्या शेतांखालीं दर्यावर्दी लोकांचें एक स्मशान आहे.

तासा-दीड तासानें पोल्डर संपून जुनी जमीन लागते आणि गीटहोर्न येतें. देवनळाच्या काड्यांनीं शाकारलेलीं घरें, प्रत्येक घराचें जणूं एक वेगळें बेट, आणि बेटाबेटांस जोडणारे उंच कमानीचे लांकडी पूल. हे पूल पावणेदोनशेंच्या घरांत आहेत. जुन्या गांवांत मोटारीचा रस्ता नाहीं. पूर्वीं गवत, दूध, गाई, नवरानवरीचें वऱ्हाड आणि प्रेतयात्राही होडींतूनच जात. पुंटर नांवाची चिंचोळी, सपाट तळाची होडी लांब काठीनें तळाशीं रेटा देत चालवितात. पूल उंच ठेवण्याचें कारण हेंच, कीं गवतानें लादलेली होडी खालून निघून जावी.

पाहुण्यास वाटतें कीं हें सौंदर्य निसर्गानें दिलें, किंवा कोणी रसिकानें योजून निर्माण केलें. वस्तुस्थिति निराळी आहे. या भागांत जमिनीखालीं पीटचा जाड थर होता. दलदलींतील वनस्पति शतकानुशतकें पाण्यांत अर्धवट कुजून दबल्या म्हणजे पीट तयार होतो. तो वाळवून चुलींत व भट्टींत जाळतां येतो. जंगलें थोडीं असलेल्या त्या देशांत शहरांच्या शेकोट्या पुष्कळ काळ याच जळणावर पेटल्या. वरचा थर संपला तेव्हां लोक पाण्याखालूनही पीट उपसूं लागले. दोन खड्ड्यांमध्यें जमिनीची एक अरुंद पट्टी राखावी, तिच्यावर ओला चिखल पसरून वाळवावा, वड्या कापाव्या आणि होडींतून बाजारास न्याव्या, अशी रीत होती. त्या होड्यांसाठीं जे नाले खणले, तेच आजचे कालवे. आणि नाल्यांमध्यें जे तुकडे उरले, तींच आजचीं बेटें. गीटहोर्नच्या लोकांनीं आपली भूमि खणून विकली, आणि जें उरलें त्यावर घरें बांधलीं.

लोभ मर्यादेंत राहिला नाहीं. अधिक पीट मिळावा म्हणून खड्डे रुंद झाले आणि मधल्या पट्ट्या बारीक. वाऱ्यानें लाटा उसळल्या कीं त्या पट्ट्या ढासळत, खड्डे एकमेकांस मिळत आणि त्यांचें तळें होई. तळें जितकें मोठें, तितकी लाट मोठी. म्हणून नाश आपोआप वाढत गेला. जवळच ब्यूलाके नांवाचें गांव होतें. १७७५ व १७७६ सालच्या वादळी पुरांत तें नष्ट झालें, आणि आज त्याचें नांव एका विस्तीर्ण तळ्यास उरलें आहे. तेथें शिडांच्या होड्या हौसेनें फिरतात. त्यांच्या खालीं एक गांव आहे.

परतीच्या वाटेवर उर्क लागतें. १९३९ पर्यंत हें बेट होतें. त्या वर्षीं बांधानें तें मुख्य भूमीस जोडलें आणि पुढें भोंवतालचें पाणीच गेलें. समुद्र बंद होतांच हेरिंग मासा नाहींसा झाला. कोळ्यांनीं आतां शेतकरी व्हावें, असें पुष्कळांस वाटलें; पण उर्ककर जलद्वारांतून बाहेर पडून उत्तर समुद्रापर्यंत जाऊं लागले व आपला धंदा त्यांनीं राखला. गांवाच्या कडेला पाण्याकडे पाहत उभ्या असलेल्या एका स्त्रीचा पुतळा आहे. जवळच्या दगडांवर समुद्रांतून परत न आलेल्यांचीं नांवें व वयें कोरलेलीं आहेत. त्यांत बाप आहेत, भाऊ आहेत आणि कोंवळे मुलगेही आहेत.

शेवटचा मुक्काम लेलिस्टाड. लेलीचें नांव धारण करणारें हें शहर समुद्राच्या तळावर वसलें आहे. येथें १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत बटाव्हिया नांवाचें जहाज जुन्या पद्धतीनें पुन्हां बांधण्यांत आलें, आणि तें बांधतांना बेकार तरुणांस सुतारकाम, लोहारकाम, शिडांचें काम शिकविण्यांत आलें. मूळ बटाव्हिया डच ईस्ट इंडिया कंपनीचें. १६२८ सालीं जावाकडे निघालेलें तें जहाज १६२९ च्या जूनमध्यें ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस खडकांवर फुटलें. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट होडींतून मदत आणावयास जावाला गेला. मागें बेटांवर राहिलेल्यांपैकीं एका टोळीनें शंभराहून अधिक सोबत्यांची, बायकामुलांसह, हत्या केली. हा पेल्सार्ट त्यापूर्वीं कित्येक वर्षें आग्र्यास कंपनीचा व्यापारी होता, आणि जहांगीरकालीन हिंदुस्थानाचें त्यानें लिहिलेलें वर्णन इतिहासकार आजही वाचतात.

कोंकणच्या श्रोत्यांस ही कंपनी अगदींच परकी नाहीं. वेंगुर्ल्यास १६३७ च्या सुमारास तिनें वखार घातली, ती व्यापारासाठीं आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठीं. त्या वखारीचे पडके अवशेष तेथें आहेत. लेलिस्टाडचें नवें जहाज आणि वेंगुर्ल्याच्या जुन्या भिंती एकाच व्यापाराच्या दोन खुणा आहेत.

सागरी वारसा जपणें म्हणजे सोनेरी शिखरें तेवढीं उजळणें नव्हे. बटाव्हियाचें नक्षीकाम पाहतांना त्या बेटांवरील रक्त आठवावें, गीटहोर्नच्या कालव्यांत होडी सोडतांना ब्यूलाकेचें नांव घ्यावें, पोल्डरच्या गव्हाकडे पाहतांना खालचीं गलबतें स्मरावीं. तरच हिशेब पुरा होतो. संध्याकाळीं मोटार पुन्हां अ‍ॅम्स्टरडॅमकडे वळते तेव्हां दोहों बाजूंस शेतें शांत असतात आणि पंप चालूच असतात. ते थांबले, तर पाणी आपलें येणें वसूल करण्यास विलंब लावणार नाहीं.